डावीकडचं इंग्रजी

सोलापूरच्या मुरारजी पेठेत आमच्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, एक पाटी आहे. ‘प्रभा करजगीकर. इंग्रजी. फक्त उच्चार.’ त्यातला ‘फक्त’ अनेकांना उद्धट वाटतो. व्याकरण शिकवता का, असं विचारायला येणाऱ्या पालकांना प्रभाबाई दारातूनच सांगतात, ‘‘ते खाली चौकात शिकवतात. चांगलं शिकवतात.’’ मग निबंध? ‘‘तोही तिथंच.’’ पालक जिना उतरताना एकमेकांना विचारतात, मग हिच्याकडं उरलं काय?

उरलं ते तोंड. प्रभाबाईंचं सगळं दुकान त्यांच्या नाकाखाली आणि हनुवटीच्या वर होतं. पुस्तक नाही, फळा नाही, मोबाइलवरच्या चित्रफिती नाहीत. पाच-सहा बायका समोर बसतात, बाई एक शब्द उच्चारतात, बायका बाईंच्या तोंडाकडे बघतात आणि तसंच तोंड करतात. झालं तर झालं, नाही तर पुन्हा.

या पद्धतीचा उगम बाईंच्या माहेरचा, मंद्रूप गावचा. वडील पोस्टात कारकून, घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ. मंद्रुपात तेव्हा इंग्रजी बोलणारी तेवढी एकच वस्तू होती. पण रेडिओतून आवाज येतो, तोंड येत नाही. त्या आवाजामागचं तोंड प्रभानं वडिलांच्या दाढीच्या आरशात शोधून काढलं. जीभ कुठं टेकवली की तसा आवाज निघतो, ओठ किती आवळले की निघत नाही, हे तिनं एकटीनं, शेजारच्यांच्या देखत, वर्षानुवर्षं करून बघितलं. मुलगी आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करते म्हणून आईनं तिला एकदा बाहेरचं बघणाऱ्याकडे नेलं. त्यानं लिंबू उतरवून दिलं. उच्चारावर त्याचा परिणाम झाला नाही.

पुढं मुलींच्या एका शाळेत नोकरी झाली, निवृत्ती झाली आणि पाटी लागली. येणाऱ्या बहुतेक नर्सा. परदेशी जायचं तर बोलण्याची परीक्षा द्यावी लागते आणि या परीक्षेत मुली ज्ञानामुळे नापास होत नाहीत, ओठांमुळे होतात, असं बाईंचं मत. अधूनमधून एखादी इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतली शिक्षिका, एखादी हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी. घरी कुणी कन्नड बोलणारी, कुणी तेलुगू, कुणी दखनी. मराठी सगळ्यांना येते आणि इंग्रजी सगळ्यांना तितकीच अडते. फक्त बायका, कारण पुरुष, बाईंच्या शब्दांत सांगायचं तर, तोंड करायला लाजतात आणि मिशीमागे काय चाललंय ते दिसत नाही.

साहित्य थोडं. प्रत्येकीनं आपला लहान आरसा आणायचा. इंग्रजी ‘प’साठी कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची, पट्टी हलली नाही तर तो आपला ‘प’, हलली तर त्यांचा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा झगडा त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीनं मिटवला होता. खालच्या ओठावर चटणीचं बोट लावायचं आणि शब्द म्हणायचा. चव लागली तर वरचे दात ओठाला लागले, म्हणजे ‘व्ही’. चव न लागता शब्द झाला तर ‘डब्ल्यू’. सोलापुरात या चटणीचे पुष्कळ उपयोग आहेत, पण हा बाईंनीच काढला असावा. मी आणि त्यांचे यजमान नारायणराव त्यांच्या गॅलरीत चहा घेत बसायचो तेव्हा खिडकीतून ‘व्हेरी वेल, व्हेरी वेल’ असा गजर यायचा आणि त्यामागून कुणाला तरी लागलेला ठसका.

नियम एकच. तो पहिल्या दिवशी सांगितला जायचा. ‘‘मी करते तसं करायचं. का म्हणून विचारायचं नाही. ‘का’ म्हणायला तोंड उघडलं की लावलेला ओठ सुटतो.’’ मुली हसायच्या आणि विचारायच्या नाहीत.

हे सगळं बरं चाललं होतं, एप्रिलमधल्या त्या सकाळपर्यंत.

उन्हाळा असा की रात्रभर कूलर तोंडावर घेऊनच झोपायचं. प्रभाबाई उठल्या तेव्हा उजवा डोळा चुरचुरत होता. चूळ भरली तर पाणी भलत्याच बाजूनं उडालं. गॅलरीत नारायणरावांसमोर चहाला बसल्या तर चहा ओठांच्या कडेनं पदरावर आला. बाई म्हणाल्या, ‘‘अहो, या कपाचा टवका उडालाय वाटतं.’’ नारायणराव पेपरमागून म्हणाले, ‘‘दुसरा घे.’’ दुसऱ्या कपातूनही चहा पदरावरच आला. ‘‘यालाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सेटच तसा आहे,’’ पेपर म्हणाला.

आरशात बघायचा प्रश्न आला नाही. केस विंचरायला प्रभाबाईंना आरसा लागत नाही. त्यांच्या लेखी ती कामाची वस्तू आहे आणि काम क्लासमध्ये सुरू होतं.

क्लासमध्ये त्या दिवशी ‘प’ होता. समोर पाच जणी. पहिल्या रांगेत अरिबा. एका खाजगी दवाखान्यात मेडिकल वॉर्डची नर्स, परीक्षेत एकदा हुकलेली, पुन्हा बसणार होती. तिच्या शेजारी मल्लव्वा. अक्कलकोटकडची, इथं बालवाडीत शिकवणारी, वर्गातली सगळ्यात मेहनती. बाई म्हणाल्या, ‘‘पेशंट.’’

‘प’ फुटला नाही. उजव्या बाजूनं हवा निसटली आणि सायकलच्या ट्यूबसारखा आवाज झाला. उन्हानं ओठ सुकलेत असं समजून बाईंनी ओठ ओले केले. ‘‘माझ्याकडं बघा. पेशंट.’’

पाचही जणींनी बघितलं. पाचही जणींनी म्हटलं. मी खाली आमच्या गॅलरीत होतो. मला वाटलं वर कुणी पंक्चरचं दुकान काढलं.

बाईंना समोर तेव्हा जे दिसलं ते त्यांनी मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना नजर दुसरीकडे होती. पाच बायका. पाचही तोंडं एका बाजूला ओढलेली, ओठाचं एक टोक गालात चढलेलं, दुसरं लोंबतंय. एक डोळा बारीक, दुसरा सताड उघडा. आणि पाचही जणी गंभीर. हसण्याचा मागमूस नाही. अरिबानं आणि मागच्या एकीनं तोंड डावीकडे ओढलं होतं, बाकीच्यांनी उजवीकडे. समोरच्या माणसाची डावी आपली कुठली, एवढाच काय तो वर्गात मतभेद होता.

‘‘हे काय चाललंय?’’ बाई म्हणाल्या.

पाचही तोंडं तशीच राहिली.

‘‘मल्लव्वा, ओठ सरळ कर.’’

मल्लव्वानं बाईंकडे अधिक बारकाईनं बघितलं आणि तोंड आणखी वाकडं केलं.

‘‘वेडावता मला?’’

‘‘न्हाई मॅडम.’’ मल्लव्वाला रडू यायच्या बेतात होतं. ‘‘जसं दिसतंय तसंच करतोय की. कुठल्या बाजूला वढायचं तेवढं कळंना झालंय.’’

‘‘काय दिसतंय?’’

चौघींनी अरिबाकडे बघितलं. शेवटी अरिबा उठली. तिनं आपला आरसा उलटा करून बाईंसमोर धरला. बाईंनी बघितलं. मग पदरानं आरसा पुसला. पुन्हा बघितलं. मग उजवा गाल पुसला. गाल पुसूनही तसाच राहिला तेव्हा त्या आरशाकडे बघत उभ्याच राहिल्या. वर्गानं आपली तोंडं अजून सरळ केली नव्हती. बाईंनी ‘सोडा’ म्हटलं नव्हतं.

‘‘सोडा,’’ अरिबा म्हणाली. सगळ्यांनी सोडलं.

त्यानंतरची काही मिनिटं वर्ग अरिबानं घेतला. तिचा आवाज बदलला होता, वॉर्डातला असावा. ‘‘मॅडम, खुर्चीवर बसा. माझ्याकडं बघा. भुवया वर करा, अशा. मी करते तसं करा.’’ बाईंनी केलं. डावी भुवई वर गेली, उजवी जागेवर राहिली. ‘‘डोळे घट्ट मिटा.’’ उजवा मिटेना; पापणीखाली नुसतं पांढरं दिसलं. ‘‘दात दाखवा. गाल फुगवा. दोन्ही हात वर करा, वर धरून ठेवा.’’ हात वर राहिले, दोन्ही सारखे. अरिबानं पुन्हा कपाळाकडे बघितलं. ‘‘उजवीकडं आठी पडत नाही,’’ ती म्हणाली आणि सुटकेचा श्वास सोडला. बाकीच्या चौघी हादरल्या. बाईंच्या कपाळावर आठी पडत नाही यात बरं काय, हे त्यांना कळेना. कळणार कसं, मेंदूत काही झालं तर कपाळ बहुधा वाचतं, चेहऱ्याची शीर सुजली तर कपाळही जातं, हे नर्सांना शिकवतात, बालवाडीत नाही.

‘‘तरी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं,’’ अरिबा म्हणाली. ‘‘खात्री डॉक्टर करतील. काकांना बोलवा.’’

नारायणराव हातात पेपर घेऊन आत आले. त्यांनी बायकोकडे बघितलं. माणूस जितका वेळ बघू शकतो तितका वेळ बघितलं.

‘‘अगं, हे कधी झालं?’’

‘‘सकाळपासून असणार, काका,’’ अरिबा म्हणाली.

‘‘सकाळी तर आम्ही चहा घेतला.’’

‘‘तेव्हाही असणार की.’’

‘‘समोर बसून घेतला,’’ नारायणराव म्हणाले. हे ते कुणाला सांगत होते ते कळलं नाही. पेपर त्यांनी घडी करून टेबलावर ठेवला, मग खुर्चीवर, मग पुन्हा हातात घेतला, आणि रिक्षात बसताना तो त्यांच्याजवळ होता.

अरिबाच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अरिबानं केलं होतं तेच सगळं पुन्हा करायला लावलं, मेंदूचा फोटो काढला आणि सांगितलं की मेंदू शाबूत आहे, चेहऱ्याची शीर सुजून दबली आहे. गोळ्या लगेच सुरू करू. लवकर आलात ते बरं झालं. डोळ्याला पट्टी, थेंब. ‘‘बहुतेकांचं परत येतं. काहींचं पुरतं येत नाही.’’

‘‘ ‘प’ येईल का?’’ बाईंनी विचारलं.

डॉक्टरांना वाटलं पेशंट गोंधळली आहे. ‘‘आधी डोळा जपू, आजी,’’ ते म्हणाले. बाईंना आयुष्यात प्रथमच कुणी आजी म्हटलं होतं. तेही त्याच सकाळी.

खरा धक्का मात्र बाहेरच्या बाकावर बसला. नारायणराव औषधं आणायला गेले होते. बाईंच्या डोळ्यावर पट्टी होती. शेजारी अरिबा.

‘‘अरिबा, तुला केव्हा दिसलं?’’

‘‘आल्या आल्याच, मॅडम. तुम्ही गुड मॉर्निंग म्हणाला तेव्हा.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. मी पण गुड मॉर्निंग म्हटलं.’’

‘‘तसंच?’’

अरिबा नखं बघत बसली.

‘‘अरिबा. तसंच म्हटलंस?’’

‘‘हौ,’’ अरिबा म्हणाली.

‘‘तू नर्स आहेस.’’

‘‘वॉर्डात कुणाचं असं दिसलं असतं ना मॅडम, तर स्ट्रेचर मीच ओढलं असतं. असे आठवड्याला एक-दोन बघते मी. पण तुमच्या इथं मी नर्स कुठं असते? तिथं तुमचं तोंड म्हणजे बरोबर. मला वाकडं दिसलं तर माझी नजर चुकली, असंच वाटतं. आणि विचारायचं तर...’’ ती थांबली.

‘‘विचारायचं नाही,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हौ.’’

प्रभाबाईंना आजाराचं वाईट वाटलं असेलच. पण त्या हादरल्या या उत्तरानं. अर्धा चेहरा लोळागोळा झालेला असताना पाच शहाण्या, कमावत्या बायकांनी, त्यातली एक तर नर्स, तो चेहरा जसाच्या तसा उतरवून घेतला आणि हे इंग्रजी आहे असं समजून गिळला. नुसतं समजून नाही. मल्लव्वानं तर पुढं कबूल केलं की तिला ते जमत नव्हतं याचंच वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर बाईंच्या मनात भलतेच विचार यायला लागले. आजपर्यंत आणखी काय काय उतरवून घेतलं असेल या पोरींनी? दुसऱ्या दिवशी त्यांनी नारायणरावांना समोर बसवलं.

‘‘अहो, नीट सांगा. बोलताना मी काही करते का?’’

‘‘काही म्हणजे?’’

‘‘उगाच. ज्याचा शब्दाशी संबंध नाही असं.’’

नारायणरावांनी विचार केला. ‘‘ते थँक्यूचं असतं ना तुझं, जीभ दातांत धरून. ते म्हणताना डोळा मिटतेस.’’

‘‘कुठला?’’

‘‘डावा.’’

‘‘नेहमी?’’

‘‘लग्नापासून तरी. मला वाटलं तसंच असतं ते.’’

बाईंनी मनात हिशेब केला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली मस्कतला आहेत, डब्लिनला आहेत, एक न्यूझीलंडला आहे. एवढ्या ठिकाणी गोऱ्या-काळ्या रुग्णांना सोलापूरच्या नर्सा औषधाचं पाणी हातात देतात आणि रुग्णानं ग्लास परत केला की डोळा मारून आभार मानतात. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं ते जाईना. डब्लिनच्या मुलीला व्हिडिओ कॉल करून बघू या, असं नारायणरावांनी सुचवलं. ‘‘नको,’’ बाई म्हणाल्या.

पाटी त्यांनी त्याच आठवड्यात उतरवायला लावली. मी स्टूल धरलं, नारायणरावांनी स्क्रू काढले. ‘‘तोंड गेलं, क्लास गेला,’’ एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलताना तोंडावर पदर होता. ‘प’, ‘ब’, ‘म’, ‘फ’ सगळे गळके झाले होते. स्वतःचं नाव सांगायची त्यांना चोरी झाली. फोनवर कुणी विचारलं, कोण बोलतंय, तर त्या फोन नारायणरावांकडे द्यायच्या.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. सोलापुरात याला वारं गेलं म्हणतात, आणि कुठल्या वाटेनं गेलं याबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं. कूलर, फ्रिजचं पाणी, रात्रीचं दही, इंग्रजी बोलताना जिभेला पडणारा ताण. अकलूजच्या चुलतदिरानं फोनवरून कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवली आणि कबुतर कुठं मिळेल तेही सांगितलं. प्रभाबाईंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून येतो. नारायणराव मात्र बदलले. चहाच्या वेळी त्यांनी पेपर उघडणं बंद केलं. ते बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून बसायचे. ‘‘आज जरा हललं बघ,’’ असं म्हणायचे. ‘‘पेपर वाचा हो तुम्ही,’’ बाई पदरातून म्हणायच्या.

बाहेर पडायची अडचण तेवढी नव्हती. सोलापूरच्या उन्हात स्कूटरवरची प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून असते. बाईंनीही गुंडाळला आणि मंडईत जाऊन भाजी घेऊन आल्या; कुणी ओळखलंसुद्धा नाही. पण पावसाळा आला की स्कार्फ सुटतात, हे त्यांनाही माहीत होतं.

अरिबा ड्यूटी सुटली की यायची. डॉक्टरांनी चेहऱ्याचे व्यायाम सांगितले होते आणि ते व्यायाम बघून नारायणरावांना शंका आली की ते बाईंच्या क्लासमधूनच चोरले असावेत. आरसा घ्या. भुवया उचला. गाल फुगवा. ओठांचा चंबू करा. आ, ई, ऊ म्हणा. पा, पी, पू म्हणा.

विद्यार्थिनी म्हणून प्रभाबाई अत्यंत वाईट निघाल्या. अरिबा म्हणायची, बोटानं गाल वर धरा. ‘‘का?’’ जोर लावू नका, हळूच करा. ‘‘का?’’ डाव्या बाजूला दाबून धरा. ‘‘ती तर चांगली आहे. का?’’ अरिबा प्रत्येक वेळी सांगायची. चांगली बाजू वाईट बाजूला ओढून नेते, तिला जरा बसवावं लागतं. जोर लावला तर शिरा भलतीकडे जोडल्या जातात, मग हसायला गेलं की डोळा मिटतो. ‘‘डोळा मिटतो?’’ बाईंनी विचारलं. ‘‘होतं कधीकधी,’’ अरिबा म्हणाली. बाईंनी त्यानंतर जोर लावला नाही.

एकदा व्यायाम चालू असताना बाई मध्येच म्हणाल्या, ‘‘तुझा ‘पा’ कोरडा आहे.’’

‘‘तुम्ही बघत तर नाही माझ्याकडं.’’ बाईंनी डोळे मिटले होते. डावा आपणहून, उजवा चिकटपट्टीनं.

‘‘ऐकतेय ना. पुन्हा म्हण. ओठ आवळून थांब जरा, मग सोड.’’

अरिबानं म्हटलं. ‘‘आता?’’

‘‘आता बरा. का बरा झाला?’’

‘‘थांबले म्हणून.’’

असं रोज चाललं. कोण कुणाचा क्लास घेतंय ते खिडकीतून सांगता येणं अवघड होतं. अरिबानं परीक्षा दिली. ती पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा बाईंनी पेढा डाव्या बाजूनं खाल्ला आणि तिला सांगितलं, ‘‘परीक्षेत काय बोललीस ते म्हणून दाखव.’’ अरिबानं म्हणून दाखवलं. बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या, मग डोळ्यांकडे बघायला लागल्या. थँक्यू आलं तेव्हा अरिबाचे दोन्ही डोळे उघडे होते. बाईंनी सुस्कारा सोडला. अरिबाला वाटलं परीक्षा चुकली.

जूनपर्यंत डोळा मिटायला लागला. ओठही बरेचसे परत आले. चूळ सरळ पडायला लागली. फक्त उजवं टोक मागं राहायचं. बोलताना डावं टोक निघून जायचं आणि उजवं जरा उशिरानं, अनिच्छेनं, अर्ध्या वाटेपर्यंत यायचं. डॉक्टर म्हणाले, राहिलं तर एवढं राहील. ‘‘एवढं काय दिसतं, आजी,’’ असंही म्हणाले. त्यांच्या धंद्यात ते दिसत नसेल.

अरिबा परदेशी जायच्या आधी भेटायला आली. बॅगेचं वजन, वर्दीचे बूट, तिकडची थंडी, असं बोलणं झालं. उठताना ती म्हणाली, ‘‘मल्लव्वा विचारत होती, मॅडम.’’

‘‘काय?’’

‘‘पाटी.’’

‘‘असलं तोंड दाखवून काय शिकवू? तूच बघितलंस त्या दिवशी काय झालं.’’

‘‘मी बघितलं म्हणूनच म्हणते. तुम्ही एवढा ‘प’ आणला परत. आता घरात कुणाला म्हणून दाखवणार? काकांना?’’

नारायणराव म्हणाले, माझा ‘प’ आहे तसा बरा आहे.

बाईंनी विषय पुन्हा बॅगेवर नेला. पण अरिबा गेल्यावर काही दिवसांनी मला वरून हाक आली. मी स्टूल धरलं.

पहिल्या दिवशी पाऊस नव्हता, उकाडा होता. कूलर बाईंनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. जुन्यांपैकी मल्लव्वा आणि दोघी आल्या. एक नवी होती, इंद्रायणी. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली, वडिलांची केळीची बाग, इथं नर्सिंगला आलेली. तिनं बाईंना आधी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा स्कार्फ गळ्यात होता. नारायणराव आणि मी वरच्या गॅलरीत होतो, तिथून एवढं दिसलं की त्यांनी तो एकदा नाकापर्यंत वर नेला, मग सोडवून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

जुन्या तिघींनी बघितलं. मल्लव्वानं मान खाली घातली आणि लगेच वर केली.

‘‘पेशंट,’’ बाई म्हणाल्या.

‘प’ फुटला. स्वच्छ फुटला. उजवं टोक जरा मागून आलं, अर्ध्यावर थांबलं.

तिघींनी ‘पेशंट’ म्हटलं, सरळ तोंडानं. इंद्रायणीनंही म्हटलं. तिनं बाईंच्या तोंडाकडे आधीच नीट बघून ठेवलं होतं. तिच्या ओठाचं एक टोक मागून आलं आणि अर्ध्यावर थांबलं.

नारायणरावांच्या हातातला कप तसाच राहिला.

‘‘इंद्रायणी, थांब,’’ बाई म्हणाल्या.

इंद्रायणी थांबली. थांबतानाही तिनं ओठाचं टोक तिथंच ठेवलं, चुकू नये म्हणून.

बाई उठून तिच्यासमोर जाऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्यांनी स्वतःच्या उजव्या गालावर तळहात ठेवला, ओठांच्या मध्यापर्यंत झाकला.

‘‘ही बाजू बघ. ही इंग्रजी आहे,’’ त्या म्हणाल्या. मग झाकलेल्या बाजूकडे दुसऱ्या हाताचं बोट दाखवलं. ‘‘ही माझी आहे. आजारात गेली होती, अर्धी परत आलीय. ही घ्यायची नाही. कळलं का?’’

‘‘व्हय, मॅडम.’’

‘‘का घ्यायची नाही?’’

‘‘तुमची हाय म्हणून.’’

‘‘म्हण आता. पेशंट.’’

इंद्रायणी ताठ बसली. तिनं आपल्या उजव्या गालावर तळहात ठेवला, ओठांच्या मध्यापर्यंत झाकला आणि म्हणाली, ‘‘पेशंट.’’

हाताच्या बाहेर जेवढं तोंड होतं तेवढं सरळ होतं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मल्लव्वा शेजारून वाकली आणि इंद्रायणीच्या कोपराला हलकेच टोचून म्हणाली, ‘‘हात काढ गं. हात इंग्रजी न्हाई.’’

इंद्रायणीनं हात काढला. बाईंनीही काढला आणि म्हणाल्या, ‘‘पुन्हा.’’